तिसरी घंटा

दहिसर चेक नाक्यावर मुंबईची हद्द संपते आणि मिरा-भाईंदरची सुरू होते. नाक्याजवळच, महाजनवाडीत, लता मंगेशकरांच्या नावाचं महापालिकेचं नाट्यगृह आहे. उघडलं २०२२ साली. नगरपरिषद १९८५ची, महापालिका २००२ची, म्हणजे गावाला स्वतःचा रंगमंच मिळायला दोन पिढ्या गेल्या. तोवर नाटक बघायचं तर बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे, नाहीतर घोडबंदर रस्त्याने ठाण्याचं गडकरी. तिसरा अंक अर्धाअधिक घड्याळाकडे बघण्यातच जायचा.

युरोपातल्या कित्येक नगरपालिकांनी हा प्रश्न फार स्वस्तात सोडवला. गावातलं बंद पडलेलं चर्च ताब्यात घ्यायचं, वेदीच्या जागी रंगमंच करायचा, बाकांच्या जागी खुर्च्या मांडायच्या. उंच छत आणि आवाज घुमवणाऱ्या भिंती आयत्याच मिळतात. स्पेनमध्ये १८३६ साली मेंदिसाबाल सरकारने मठांची मालमत्ता जप्त केली, तेव्हा कुठे बराकी झाल्या, कुठे तुरुंग, कुठे नाटकगृहं. आपल्या लोकांनीही ही युक्ती वापरली आहे. लंडनच्या वेस्ट केन्सिंग्टनमधलं भारतीय विद्या भवन एका जुन्या चर्चमध्येच भरतं. १९७८ साली त्याचं उद्घाटन पंतप्रधान जेम्स कॅलहॅन यांनी केलं. आज तिथे भरतनाट्यमची घुंगरं वाजतात.

मिरा-भाईंदरात मात्र असं होणं नाही. इथलं चर्च रिकामं कधी पडतं? भाईंदरचं, डोंगरीचं, उत्तनचं, कुठलंही घ्या. रविवारी मिस्सेला माणसं दाराबाहेर उभी. उत्तनच्या कोळ्यांचा देव समुद्राइतकाच रोजच्या वापरातला.

गोव्यात चर्च रिकामी झाली ती सरकारी हुकमाने. पोर्तुगालने १८३४ साली धर्मसंघ बरखास्त केले, आणि पुढच्याच वर्षी तो फेरा जुन्या गोव्यावर आला. ऑगस्टिनियन साधूंचा मठ ओस पडला. १८४२ मध्ये त्याच्या चर्चचं छत कोसळलं, १९३१ मध्ये दर्शनी भाग पडला. आता एक अर्धा मनोरा तेवढा उभा आहे. सेंट फ्रान्सिसच्या मठात संग्रहालय झालं. नाटकाला जागा द्यायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, आणि गोव्यासारख्या नाटकवेड्या मुलखात हे जरा आश्चर्यच. पण मंदिरापुढचा मांडव आणि तियात्राचा मंच असताना पडक्या मठात जातो कोण? मठाची घंटा मात्र वाया गेली नाही. आधी आग्वादच्या दीपगृहात आणि १८७१ पासून पणजीच्या चर्चवर ती वाजते आहे.

घंटा फिरत्या असतात हे मिरा-भाईंदरकरांना वेगळं सांगायला नको. उत्तनजवळच्या चौकला जंजिरे धारावी हा किल्ला आहे. १७३९च्या मोहिमेत चिमाजी अप्पांच्या फौजेने तो घेतला आणि मेमध्ये वसई पडली. तिथल्या चर्चमधल्या घंटा देशावर गेल्या आणि देवळांत टांगल्या गेल्या. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळात जी टांगली आहे तिच्यावर १७२१ हे साल आहे. पोर्तुगिजांच्या मुलखातून आलेली ही घंटा पुढे शंकरापुढे वाजत राहिली.

पण या परिसरातली सगळ्यात अजब उलटापालट चेक नाक्याच्या दक्षिणेला, थोड्याच अंतरावर आहे. दहिसर-बोरिवलीच्या सीमेवर मंडपेश्वरचं लेणं. नावातच मंडप. सहाव्या ते आठव्या शतकादरम्यान कधीतरी कोरलेलं हे शिवालय, आणि एका कक्षात नाचणारा शिव. त्याचे हातपाय बरेचसे तुटलेत. पण कमरेचा बाक अजून तसाच आहे, आणि त्या बाकावरून बाकीचं नृत्य डोळे आपोआप पुरं करतात. भोवती देव आणि गण दाटीने जमलेत. नुसते हात जोडून उभे नाहीत, बघायला आलेत. नाटकमंडळी प्रयोगाआधी ज्या नटराजाला नारळ फोडतात, तो इथे तेराशे-चौदाशे वर्षं प्रेक्षकांसकट उभा आहे.

सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन पाद्री अंतोनियो दो पोर्तो इथे आला आणि या मंडपाचं चर्च झालं. समोर भिंत उभी राहिली, शिल्पं झाकली गेली, डोक्यावरच्या टेकडीवर मठ आणि शाळा बांधली गेली. मंडपेश्वर हा शब्द पोर्तुगिजांच्या जिभेवर मोंपेझिर झाला. एका पटावरची जुनी शिल्पं तासून त्यांच्या जागी क्रूस कोरला, तो आजही आहे. इतरत्र चर्चचं नाट्यगृह होतं. इथे नटराजाच्या मंडपाचं चर्च झालं. पुढे मराठे आले, कालांतराने भिंत गेली, शिव पुन्हा उजेडात आला.

चर्च संपलं असं मात्र नाही. इमॅक्युलेट कन्सेप्शन, म्हणजे मारियेच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या नावाने सुरू झालेलं हे देऊळ जवळच नव्या इमारतीत नांदतं आहे. त्याच्या आद्याक्षरांवरून भोवतालच्या वस्तीला आयसी कॉलनी म्हणतात. बोरिवली स्टेशनवर ‘आयसी, आयसी’ असं ओरडत सीट भरणाऱ्या रिक्षावाल्याच्या तोंडी दिवसभर कुणाचं नाव आहे, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

लेण्यात महाशिवरात्रीला रांग लागते. एरवी दुपारी कॉलेजची पोरं सावलीला बसलेली असतात आणि क्रूस व नटराज यांच्यामध्ये कबुतरं घुटमळतात. पुरातत्त्व खात्याचा निळा फलक दारात आहे. वर टेकडीवर मठाच्या पडक्या भिंती गवतात उभ्या आहेत.

महाजनवाडीला रात्रीच्या प्रयोगाचं तिकीट काढलं असेल, तर त्या दिवशी दुपारीच थोडं आधी निघा आणि मंडपेश्वर करून या. लेणं संध्याकाळी बंद होतं.