शेवटचा बाक

रविवारच्या मिस्साला आम्ही सासू-सुना दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसत असू. कारण मात्र एकमेकींना सांगितले नव्हते. खोकला वा शिंक आली की लघवीचे थेंब गळत. एकीचे दुसरे बाळंतपण नुकतेच झालेले. दुसरीची चार, त्यांना तीस वर्षे लोटलेली.

शेक, न्हाणे, पोटपट्टा, डिंकाचे लाडू सारे आमच्या घरी झाले. परंतु मूत्राशय व गर्भाशय तोलून धरणाऱ्या ओटीतळाच्या स्नायूंची विचारपूस कोणी केली नाही. अखेर धाकटीने फिजिओथेरपिस्ट बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "हे स्नायू आत, वर ओढा, काही सेकंद धरा, पूर्ण सैल सोडा, श्वास कोंडू नका. आठ वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. गरोदरपणीच आरंभ केलेला उत्तम." अमेरिकेचे डॉ. आर्नल्ड केगल यांनी १९४८ साली हा व्यायाम मांडला होता.

"म्हणजे माझ्या जन्माआधीच उपाय होता गं!" थोरली म्हणाली आणि बराच वेळ गप्प बसली.

संध्याकाळच्या रोझरीनंतर आम्ही दोघी व्यायाम करू लागलो. धाकटीचा त्रास गेला. थोरलीचा पुष्कळ उणावला. आता आम्ही तिसऱ्या बाकावर बसतो. भगिनींनो, लाजेपोटी तीस वर्षे दाराशी बसू नका.