साडेबासष्ट अँपिअर

७५०ला १२नं भागलं की ६२.५ येतात. भागाकार शाळेतला, पण उत्तरापुढे 'अँपिअर' लिहायची वेळ आली तेव्हा माझे हातपाय गार पडले. आमच्या घरातला दोन हजार वॅटचा गीझर जेमतेम नऊ अँपिअर घेतो. तेवढ्यासाठी वायरमननं जाड वायर ओढली, मोठं सॉकेट लावलं आणि वेगळा एमसीबी बसवला. मी मात्र त्याच्या सातपट करंट टेबलावरून नेणार होते, तोही संगणकाला.

गरज साधीच होती. मी लग्नांचे व्हिडिओ एडिट करते. कामं वाढली तसं एक सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड घेतलं आणि ते जुन्या एसएमपीएसला, म्हणजे संगणकाच्या पॉवर सप्लायला, झेपेना. रेंडर सुरू केलं की संगणक फटकन बंद. नवा तगडा एसएमपीएस बजेटबाहेरचा होता. पुण्यात तपकीर गल्लीत चौकशी करत फिरताना एका दुकानदारानं भंगारात निघालेल्या सर्व्हरचा पॉवर सप्लाय काउंटरवर ठेवला. लांबुळका पत्र्याचा डबा, एका टोकाला छोटा पंखा, दुसऱ्या टोकाला चपट्या पट्ट्यांचा कनेक्टर. "साडेसातशे वॅटचा आहे, ताई. पण यातून बाराच व्होल्ट निघतात हां. बाकीचं घरी करावं लागेल."

हे 'बाकीचं' कळायला आमच्या गल्लीत टीव्ही दुरुस्त करणाऱ्या काकांची शिकवणी लागली. संगणकाच्या एसएमपीएसमधून येणाऱ्या रंगीत वायरी मी आयुष्यभर नुसत्या बाजूला सारत आले होते. पिवळ्या वायरीत १२ व्होल्ट, लालमध्ये ५, नारिंगीत ३.३, काळ्या सगळ्या ग्राउंड. इंटेलनं १९९५ साली जे एटीएक्स मानक आणलं, त्यातली ही वाटणी. मग माझ्या डब्यातून एकच व्होल्टेज निघतं, त्याचं काय? काका म्हणाले, "अगं, आता सगळी मोठी गिऱ्हाइकं बारावरच आहेत. प्रोसेसरला लागतो एक व्होल्टच्या आसपास, तो मदरबोर्ड बारातूनच बनवतो. ग्राफिक्स कार्डाचंही तेच. पाच आणि तीन-तीनला किरकोळ लागतं." त्या किरकोळीसाठी बारा व्होल्ट घेऊन बाकीचे बनवणारा एक छोटा बोर्ड तयार मिळतो. मदरबोर्डच्या २४ पिनांच्या सॉकेटवर तो बसतो.

डब्याचं झाकण उघडायचं नाही, ही काकांची पहिली अट. आत गेल्यावर २३० व्होल्टचे आधी चारशेच्या आसपास डीसी होतात आणि मोठ्या कपॅसिटरमध्ये साठतात. प्लग काढला तरी ते लगेच उतरत नाहीत. मग हा करंट सेकंदाला हजारो वेळा तोडला-जोडला जातो, म्हणून आतला ट्रान्सफॉर्मर एवढासा पुरतो. घरातल्या ५० हर्ट्झवर चालणारा तेवढ्याच ताकदीचा ट्रान्सफॉर्मर पाच किलोंच्या वर गेला असता. "ते काम करणारे करून बसलेत. आपण फक्त बाहेरचं बघायचं," काका म्हणाले. सप्लाय 'घरी बनवणं' म्हणजे नक्की काय, याबद्दलची माझी कल्पना तिथेच निम्मी झाली.

भिंतीतल्या सॉकेटशी पहिली गाठ सिरीज बोर्डवरून. शंभर वॅटचा फिलामेंटचा बल्ब मधे घालायचा. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि पुढचा अनर्थ टळतो. प्लग लावला. बल्ब क्षणभर लख्ख झाला आणि मंदावला. कपॅसिटर भरला, म्हणजे ठीक. पण पंखा ढिम्म. सर्व्हरचा सप्लाय सांगितल्याशिवाय मुख्य आउटपुट देतच नाही. कनेक्टरवरच्या ठरावीक पिना जोडल्या गेल्या की त्याला कळतं, आपण सर्व्हरमध्ये नीट बसलोय. चालू सर्व्हरमधून ओढून काढता यावेत असे हे सप्लाय बनवलेले असतात, म्हणून ही खुणेची पिन इतरांपेक्षा आखूड ठेवतात. ती सगळ्यात शेवटी टेकते आणि सगळ्यात आधी सुटते.

पिना जोडल्या. पंखा घूं करून उठला, बल्ब भडकला, सगळं बंद. पुन्हा घूं, पुन्हा भडका, पुन्हा बंद. डबा खराब निघाला म्हणून मी तोंड पाडून बसले, तर काका हसताहेत. सप्लायला कमी व्होल्टेज मिळालं की तेवढेच वॅट मिळवण्यासाठी तो जास्त करंट ओढतो. जास्त ओढला की बल्ब आणखी व्होल्टेज खातो. मग सप्लाय म्हणतो, एवढ्यात माझं भागत नाही, आणि बंद होतो. "बल्बचं काम झालं. काढ तो." थेट लाइनवर दिल्यावर मीटरनं १२.२ दाखवले. पंख्याच्या आवाजानं स्वयंपाकघरातून विचारणा झाली, मिक्सर कोणी लावलाय म्हणून.

संगणक जोडण्याआधी लोड देऊन बघायचा होता. काकांनी गॅरेजमधून चार एच-फोर बल्ब आणवले, मोटारीच्या हेडलाइटचे. एका बल्बात ६० आणि ५५ वॅटच्या दोन फिलामेंट. दोन्ही एकदम लावल्या तर चार बल्बांचे साडेचारशे वॅट, म्हणजे अडतीसेक अँपिअर. सप्लायला हे सहज पेलायला हवं होतं. स्विच टाकला आणि डबा गप्प. खटका नाही, धूर नाही, मीटरवर शून्य.

थंड फिलामेंटचा रेझिस्टन्स तापलेल्या फिलामेंटच्या दशांशाच्या आसपास असतो. चारही बल्ब थंड असताना एकदम आले तेव्हा सप्लायला तो चक्क शॉर्ट वाटला आणि त्यानं हात आखडता घेतला. एकेक बल्ब लावत गेलो तसे चारही पेटले आणि खोलीत उन्हाळा आला. तोवर मी ताकद म्हणजे किती देतो एवढंच मोजत होते. त्या दिवशी कळलं की या डब्यातली बरीच अक्कल कधी द्यायचं नाही हे ठरवण्यात खर्च होते. काकांच्या मते ज्या स्वस्त सप्लायमध्ये ही अक्कल वगळलेली असते, तो मरताना मदरबोर्डलाही सोबत नेतो.

बल्ब जळत असतानाच काकांनी मीटरची एक पिन सप्लायच्या पट्टीवर धरली आणि दुसरी तिथेच बोल्टनं आवळलेल्या वायरीच्या लगवर. मधे अंतर बोटभर. मीटर म्हणाला ०.३ व्होल्ट. मला ते नगण्य वाटलं. "गुणाकार कर," काका म्हणाले. ०.३ गुणिले ३८ म्हणजे अकरा वॅटच्या वर. शिसं वितळवणारं सोल्डरिंग आयर्न पंचवीस वॅटचं असतं, त्याच्या निम्म्याला टेकणारी उष्णता एका जोडात. लग खरंच चटका देत होता. वायर जाडजूड होती. भंगारात पडून पट्टीवर काळं पुट चढलं होतं, ते नडलं. पट्टी पॉलिश पेपरनं तांबूस होईपर्यंत घासली, नवा लग क्रिंप करून घेतला, स्प्रिंग वॉशर घालून बोल्ट आवळला. मीटर दोन शतांशावर आला. संगणकाला १२ व्होल्टमध्ये पाच टक्क्यांचीच सूट असते. ११.४च्या खाली गेलं की काहीही होऊ शकतं, आणि अशा दोन-तीन जोडांत ती सूट संपते.

एवढं होऊनही डब्याच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येत होत्या. टेस्टर लावला तर पेटला. यात सप्लायचा दोष नव्हता. लाइनमधला गोंगाट खाली उतरवायला फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून बॉडीला छोटे कपॅसिटर जोडलेले असतात आणि तो करंट अर्थिंगमधून जाणं अपेक्षित असतं. अर्थिंग नसेल तर पत्रा मधल्या मधे, सव्वाशेच्या आतबाहेर व्होल्टवर तरंगत राहतो. करंट किरकोळ, पण जीव दचकतो. आमच्या जुन्या इमारतीत सॉकेटला तिसरं भोक होतं, त्यामागे वायर नव्हती. वायरमनला बोलावून आधी ती ओढून घेतली.

मग संगणक जोडला. बटण दाबल्यावर लगेच काही झालं नाही आणि पोटात गोळा आला. पण तेही ठरलेलंच थांबणं होतं. सगळी व्होल्टेज जागेवर आल्याची खूण करड्या वायरीवरून मिळाल्याशिवाय मदरबोर्ड प्रोसेसरला सोडतच नाही. क्षणभरानं स्क्रीन उजळला. आता रेंडर पूर्ण होतात. पट्ट्यांवर प्लास्टिकचं झाकण आहे आणि काम संपलं की भिंतीवरचा स्विच बंद करते, कारण छोट्या बोर्डाला बारा व्होल्ट सतत लागतात आणि तो पंखा घरात कोणाला झोपू देत नाही.

ज्याला नुसता संगणक चालवायचा आहे त्यानं तयार एसएमपीएस घ्यावा. तो आवाज करत नाही आणि त्याला वॉरंटी असते. ज्याला हे करूनच बघायचं आहे त्यानं आधी सॉकेटचं अर्थिंग तपासावं, मग जोड, आणि डब्यावरचे वॅट सगळ्यात शेवटी वाचावेत.