हाड जुळले, गुडघा राहिला

हात मोडला तर गळ्यातली झोळी दिसते. डोक्याला लागले तर पट्टी दिसते. गुडघ्याच्या आतले दुखणे मात्र कुणाला दिसत नाही. प्लास्टर निघाले की लोकांच्या लेखी माणूस बरा झाला. खरी परीक्षा तिथूनच सुरू होते.

माझेच सांगते. तीन वर्षांपूर्वी बाजार करून येताना आमची मोटारसायकल घसरली. ट्रॅक्टरच्या चाकांनी रानातला चिखल डांबरी रस्त्यावर आणलेला, त्यावर पावसाची भुरभुर. मी मागे बसले होते. उजव्या गुडघ्यावर आपटले आणि वाटीला तडा गेला. तुकडे सरकले नव्हते म्हणून शस्त्रक्रिया टळली. सहा आठवडे पाय प्लास्टरमध्ये होता. मग फोटो काढून डॉक्टर म्हणाले, "हाड जुळले." घराने सुस्कारा सोडला.

पण मला धाब्यावरून जिना उतरता येईना. उकिडवे बसले की वाटीखाली वाळू घासल्यासारखे होई. संध्याकाळी गुडघा सुजे. खुरपणीला बायांची पात पुढे जाई आणि मी मागे राही. "आता कसले दुखतेय बाई, हाड तर जुळले ना?" असे कुणी म्हणे. सासूबाई बोलत नसत, पण भांड्यांचा आवाज वाढे. पुढे पुढे मलाच वाटू लागले, हे दुखणे मनाचेच तर नाही?

शेवटी जिल्ह्याच्या दवाखान्यात व्यायामोपचार करणाऱ्या ताईंकडे गेलो. सासूबाई सोबत होत्या. ताईंनी टेप घेऊन दोन्ही मांड्या मोजल्या. उजवी मांडी दीड इंच बारीक भरली! त्या म्हणाल्या, "क्ष-किरणाच्या फोटोत हाड दिसते. हाडावरची गुळगुळीत कूर्चा, सांध्यातली गादी, सांधा बांधणाऱ्या दोऱ्या त्यात दिसत नाहीत. आणि वाळलेली मांडी तर कुणी बघतच नाही."

ज्यांनी मोट पाहिली आहे त्यांना हे लगेच उमजेल. मोटेचा नाडा चाकावरून जातो, तशी मांडीच्या पुढच्या स्नायूची दोरी गुडघ्याच्या वाटीवरून जाते. ओढणारा बैल म्हणजे मांडी. सहा आठवडे दावणीला बांधून बैल खंगला, तर चाकाला कितीही तेल घाला, मोट वर येत नाही. माझ्या वाटीचा तडा जुळला होता, बैल मात्र खंगलेलाच होता.

त्या दिवशी घरी आल्यावर सासूबाईंनी चुलीपुढचा माझा पाट काढला आणि उंच चौरंग ठेवला. बोलल्या काहीच नाहीत. मला मात्र निम्मे दुखणे उतरल्यासारखे वाटले.

ताईंनी दिलेले व्यायाम अगदी साधे आहेत. पाय पसरून बसायचे, गुडघ्याखाली लुगड्याची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची आणि ५ अंक मोजायचे. मग उताणे पडून पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. दोन्ही दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. पुढे खुर्चीवरून हात न टेकता उठबस. व्यायामाने थोडे दुखले आणि सकाळपर्यंत उतरले तर चालते. सूज राहिली तर दुसऱ्या दिवशी कमी करावे. मला फरक जाणवायला तीन महिने लागले. पेरल्या दिवशी कणीस कोण मागते?

बाकी कामाची मांडणी बदलली. धारा काढायला स्टूल घेतले. खुरप्याऐवजी उभ्याने चालवायचे सायकल कोळपे आणले. संडासात खुर्ची बसवली. लांब चालताना काठी घेते, तीही डाव्या हातात. दुखरा पाय उजवा असेल तर काठी डाव्या हाताला धरावी, म्हणजे भार वाटला जातो. दुखण्याच्या गोळ्या रोजच्या रोज घेत नाही, पोट आणि मूत्रपिंड दोन्ही बिघडतात.

काही खुणा मात्र अंगावर काढू नका. गुडघा मध्येच अडकणे किंवा चालताना वारंवार दगा देणे म्हणजे आतली गादी वा दोरी फाटलेली असू शकते. त्यासाठी एमआरआय तपासणी लागते. गुडघा लाल, गरम होऊन ताप आला किंवा पोटरी सुजून दुखू लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि मार ताजा असताना चोळणे, ओढणे नको. पाय हलू न देता उशीवर उंच ठेवावा, फडक्यात गुंडाळून बर्फ लावावा आणि दवाखान्यात न्यावे.

सरकारची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. अपघाती मृत्यूला २ लाख, एक हात, पाय वा डोळा कायमचा गेला तर १ लाख रुपये मिळतात. नुसता दुखरा गुडघा मात्र कोणत्याच रकान्यात बसत नाही. त्याची नोंद घरानेच घ्यायची असते.

मी आजही उकिडवी बसू शकत नाही आणि बहुधा बसणारही नाही. पण बांधावरून चालते, धारा काढते, कोळपे ओढते. घरच्यांनी दुखणे खरे मानले म्हणून व्यायामाला धीर आला.

तुमच्या घरात असे कुणी असेल, तर एक करा. "अजून दुखते का?" असे विचारा. "अजून दुखतेच का?" असे नको. एका 'च'चा फरक आहे, पण दुखणाऱ्याला तो फार मोठा असतो.