एकच फोटो

साक्री, जि. धुळे

चि. भाचीस,

जळगावहून तुझं पत्र पोचलं. हल्ली पोस्टानं पत्र येतं कुठे? मामीला वाटलं कॉलेजच्या फीची नोटीस आली, ती आधी घाबरलीच. तू विचारलं आहेस, की घरात तुझ्या दादाचा एकही फोटो भिंतीवर का नाही, आणि तो होता तरी कसा. तो गेला तेव्हा तू पाच वर्षांची. आईला विचारलं की ती उठून चुलीकडे जाते, म्हणून मामाला विचारतेस. समोर बसून विचारलं असतंस तर मामाही उठला असता.

दादा म्हटलं की आधी त्याची बाटली आठवते. कोल्ड्रिंकची रिकामी, दोन लिटरची, गळ्याला सुतळी बांधलेली. शाळेत, शेतात, लग्नाच्या पंगतीत ती त्याच्या खांद्याला लटकलेली असायची. त्याला सिकलसेल होता. त्या आजारात मूत्रपिंडांना लघवी घट्ट करता येत नाही, अंगातलं पाणी निघून जातं. पाणी कमी झालं, थंडी वाजली किंवा ताप आला, की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, आणि पुढे रक्त न मिळालेलं हाड ठणकायला लागतं. हे तुला आता पुस्तकातच असेल. त्या वेळी घरच्यांना इतकंच दिसायचं, की पोरगं सारखं पाणी पितं आणि सारखं लघवीला पळतं. एका शाळेत त्यासाठी त्याला बाकावर उभं केलं. मामा स्वतः मास्तर. त्या गुरुजींना नावं ठेवण्याचा त्याला अधिकार नाही, कारण घरी त्यानंच म्हटलं होतं, ‘कामाचं नाव काढलं की याचे पाय दुखतात.’

पाय खरोखरच दुखत होते. फोड नाही, जखम नाही, ताप असला तर असला. न दिसणाऱ्या दुखण्याला आपल्याकडे नाटक म्हणतात.

तो आठ-नऊ महिन्यांचा असताना हातापायाची बोटं टरारून सुजली होती. आजीनं दृष्ट काढली. पुढे डोळे पिवळे दिसू लागले, तेव्हा काविळीचा झाडपाला झाला. पिवळेपणा आपोआप कमीजास्त व्हायचा आणि त्या आठवड्यात ज्यानं उपाय केला त्याचं नाव व्हायचं. पोटात पानथरी वाढली. हिमोग्लोबिन सातवर आलं म्हणून कुणी लोहाचं टॉनिक दिलं. त्याच्या अंगात लोह कमी नव्हतंच. तुझ्यामाझ्या तांबड्या पेशी 120 दिवस टिकतात, त्याच्या 10 ते 20 दिवसांत फुटायच्या. भोक पडलेल्या हंड्यात पाणी ओतण्यातला प्रकार.

सातव्या वर्षी धुळ्याला सिव्हिलमध्ये रक्त तपासलं तेव्हा आजाराचं नाव कळलं. मग आईवडिलांचंही तपासलं. दोघं एएस, म्हणजे वाहक, दादा एसएस, म्हणजे आजारी. डॉक्टरांनी कागदावर चार चौकोन काढून सांगितलं, दोघं वाहक असले की चारांत एका मुलाला आजार होण्याची शक्यता. तुझ्या वडिलांनी एसटीत बसल्या-बसल्या हिशोब केला: चारांतला एक झाला, आता पुढचे तीन बरे. हा हिशोब साफ चुकीचा आहे. दर बाळंतपणाला ते चार चौकोन पुन्हा नव्यानं मांडावे लागतात. पण त्याच चुकीच्या हिशोबाच्या भरवशावर तू जन्माला आलीस. उत्तर बरं निघालं, एवढंच.

एकदा वॉर्डात एका शिकाऊ डॉक्टरनं त्याला वॉल्टर नोएलची गोष्ट सांगितली. ग्रेनाडा बेटावरचा हा तरुण दंतवैद्यकी शिकायला शिकागोला गेला. 1904 मध्ये तिथल्या दवाखान्यात त्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी दिसल्या आणि 1910 मध्ये जेम्स हेरिक या डॉक्टरांनी त्यावर लेख छापला. या आजाराची आधुनिक वैद्यकातली ती पहिली नोंद. नोएल मायदेशी परतला, त्यानं दातांचा दवाखाना थाटला, आणि 1916 मध्ये, 32 व्या वर्षी, न्यूमोनियानं गेला. दादाला हा माणूस फार आवडला. तो त्याला ‘आपला थोरला’ म्हणायचा. आजार साता समुद्रापलीकडे आणि सातपुड्यातही कसा, हे त्यानं डॉक्टरलाच विचारून घेतलं होतं: जिथे मलेरिया फार, तिथे एकच सदोष जनुक असलेली माणसं तापातून जास्त वाचली आणि तो जनुक टिकला. शिरपूर, चोपडा, यावलच्या पावऱ्या-भिलांत तो आहे, आपल्या कोकणा-मावच्यांतही आहे. ‘म्हणजे आजोबा वाचले त्याचं बिल मला आलं,’ असं तो म्हणाला.

हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्यांची दोन वर्षं त्याची सगळ्यात चांगली गेली. हे रसायन 1869 पासून माहीत आहे, ते कॅन्सरवर वापरलं गेलं, आणि 1998 मध्ये अमेरिकेत सिकलसेलसाठी मंजूर झालं. गर्भात असतानाचं हिमोग्लोबिन त्यानं पुन्हा वाढतं आणि पेशी कमी वाकतात. पण गावातल्या कुणीतरी डबीवरचं वाचून ‘ही कॅन्सरची गोळी’ म्हटलं आणि तुझ्या वडिलांनी तीन महिने ती बंद ठेवली. त्यांना त्याबद्दल विचारू नकोस.

आता डोंगऱ्या देवाच्या उत्सवाचं. मार्गशीर्षातली थंडी, रात्रभराचा नाच, पावरीचा तो घुमणारा सूर. दादाला माऊली होऊन रिंगणात नाचायचं होतं. आईनं गोधडीत गुंडाळून त्याला शेकोटीपाशी बसवलं. दोन रात्री तो बसल्या जागी ठेका धरत राहिला, तिसऱ्या रात्री गोधडी टाकून रिंगणात घुसला. दुसऱ्या दिवशी धुळ्याला सलाईन लागलं. मामा रागावला तर दादा पिंपळनेरच्या बाजारात शिकलेल्या अहिराणीत म्हणतो कसा, ‘नाचनू ते भी दुखस, नही नाचनू ते भी दुखस.’ यावर मास्तराकडे उत्तर नव्हतं.

पंधराव्या वर्षी खुब्याचं हाड खराब झालं, तो लंगडू लागला. मग बसून करायचं काम म्हणून मोबाइल दुरुस्ती शिकला. पेशंटला आता एसटीचा प्रवास फुकट आहे, 2016 च्या कायद्यानं हा आजार दिव्यांगांच्या यादीतही आला. त्याला यातलं काही मिळालं नाही. एकोणिसाव्या वर्षी छातीत जंतुसंसर्ग झाला आणि चार दिवसांत तो गेला. थोरल्यासारखाच.

1 जुलै 2023 ला शहडोलहून केंद्राचं सिकलसेल अभियान सुरू झालं: चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी, 2047 पर्यंत निर्मूलन. मामाच्या शाळेतही बोटं टोचून झाली. काम चांगलंच आहे. फक्त ‘निर्मूलन’ म्हटलं की मामाला धास्ती वाटते, लोक त्यातून रोग ऐकतात की रोगी? एका बाईनं मुलीचं कार्ड पदराखाली लपवून नेलं, लग्न मोडेल म्हणून. कसं मोडेल? वाहक मुलीला नवरा वाहक नसला म्हणजे झालं. आणि मामानं स्वतःचं रक्त कधी तपासलं, माहीत आहे? बेचाळिसाव्या वर्षी, दादा गेल्यावर. एएस. सख्ख्या बहिणीचा रिपोर्ट इतकी वर्षं समोर होता.

तुझ्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे त्या बहिणाबाईंचा सोपानदेव सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांचा आणखी एक मुलगा ओंकार प्लेगनं कायमचा अपंग झाला होता, हे कितीजणांना माहीत असतं? दुखणाईत पोर घरात असतं तेव्हा सगळं घर त्याच्याभोवती फिरतं, आणि गोष्ट सांगायची वेळ आली की ते गाळलं जातं. भिंतीवर फोटो नाही तो त्यामुळेच. आईला तो विसरायचा नाही, येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगायचा नाही.

तू एक वर्षाची असताना तुझंही रक्त तपासलं होतं. एएस. कागद आईच्या पत्र्याच्या डब्यात, रेशनकार्डाखाली आहे. मामी आतापासूनच तुझ्या स्थळांच्या गोष्टी करते. तिला सांगून ठेवलं आहे, पत्रिकेच्या आधी मुलाचा रिपोर्ट मागायचा.

सोबत फोटो ठेवला आहे. मामाच्या लग्नातला, दादा डावीकडून तिसरा. डोळे मिटलेत, पण खांद्यावरची सुतळी दिसते. कॉपी काढून घे आणि मूळ फोटो स्पीड पोस्टानं परत पाठव, एकच आहे. दिवाळीला येताना भरिताची वांगी आण, इकडे तशी मिळत नाहीत.

तुझा मामा