अर्ध्या मिलिमीटरची मोकळीक

गणपतीच्या दिवसांत माणसाने बहिणीकडे जावे ते मोदक खायला, विजेची विद्या शिकायला नव्हे. पण २०२४ च्या गणपतीत मी पंचगंगेकाठच्या आमच्या बहिणीच्या गावी गेलो, तेव्हा माझ्या भाच्याने आरतीच्या तबकाशेजारीच आपला संसार मांडला होता. सर्किट बोर्डाच्या दोन हिरव्या पाट्या, एक चिमटा, एक भिंग आणि शेंगेच्या टरफलाएवढे चार-सहा काळे कनेक्टर. एक पाटी दुसरीशी जोडायची तर मध्ये कोणता दुवा घ्यावा, या विचारात स्वारी गढून गेली होती.

"बघ ना दादा," बहीण कुरकुरली. "पोरगी बघायला जाऊ म्हटलं की याला रजा नसते. आणि ही असली स्थळं मात्र सकाळपासून बघतोय!"

मी हसलो. भाचा हसला नाही. त्याचे कारण मला ठाऊक होते.

भाचा पुण्याच्या एका लहानशा कारखान्यात दूध तपासण्याची यंत्रे आखतो. भांडेभर दूध ठेवले की मिनिटभरात फॅटचा आकडा समोर उमटतो, आणि त्या आकड्यावर शेतकऱ्याचे पैसे ठरतात. त्याने आखलेले पहिले यंत्र आमच्या दाजींनी गावच्या डेअरीला मोठ्या अभिमानाने घ्यायला लावले. "माझ्या पोरानं केलंय!" असे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. डेअरीतला टेस्टर हा दाजींचा बाळपणापासूनचा दोस्त. दोघांनी एका पाटीवर मुळाक्षरे गिरवलेली.

जुलैत आकडे घसरू लागले. दाजींच्या म्हशीच्या दुधाला नेहमी ६.८ लागायची ती फॅट ५.९ वर आली. दाजींनी चार दिवस सोसले आणि पाचव्या दिवशी भर रांगेत तोंड सोडले. "म्हस तीच, चारा तोच. मग फॅट गेली कुठं? तुझ्या खिशात?"

टेस्टर काहीच बोलला नाही. हातातले माप खाली ठेवून तो घरी निघून गेला. मागाहून सेक्रेटरींनी माळ्यावरच्या काचेच्या नळ्या काढल्या आणि गर्बरच्या जुन्या रीतीने, आम्ल घालून, नळ्या गरगर फिरवून त्याच दुधाची परीक्षा केली. फॅट ६.८! खोटा होता तो मुलाचा आकडा, मित्राचा हात नव्हे. हे गावाला कळले, दाजींनाही कळले. पण कळणे निराळे आणि उंबरा ओलांडून "चुकलो" म्हणणे निराळे. दोन घरांमध्ये एका बोळाचे अंतर. अबोला मात्र समुद्राएवढा पडला.

"दोष कुठे होता रे?" मी भाच्याला विचारले.

त्याने दोन्ही पाट्या एकावर एक धरल्या. चार कोपऱ्यांना चार खांब, खांबांवर स्क्रू आणि मध्ये दोन ताठ कनेक्टर. "कागदावर सगळं बरोबर होतं, मामा. पण पाटीला भोक पाडताना केसभर इकडे होतं, डाख देताना केसभर तिकडे. एकच कनेक्टर असता तर निभावलं असतं. दोन असले की एक नीट बसतो, दुसऱ्याची ओढाताण होते. स्क्रू आवळले की वरून सारं सरळ दिसतं. आतला ताण मात्र डाखावर आणि कनेक्टरच्या बारीक पात्यांवर जाऊन बसतो."

त्यात यंत्रातला पंप थरथरणारा. पात्यांवर कथलाचा मुलामा. कथलावर कथील महिनोन्‌महिने घासत राहिले की त्याची काळसर पूड साचते आणि वीज अडखळू लागते. दुधाची हकिगत सांगणारा क्षीण संकेत नेमका त्याच वाटेने जायचा. भाच्याने चारही स्क्रू एकेक आटा सैल केले, तेव्हा आकडा कितीतरी जागेवर आला होता!

आता नवी निवड. पहिले स्थळ म्हणजे चपटी, लवचिक पट्टी. प्रिंटरच्या पोटात असते तशी. ती हवी तशी वळते, केसभराची चूक मनावर घेत नाही. पण एकाच घडीवर पुन:पुन्हा दुमडली तर आतले तांबे तुटते. शिवाय तिच्या खोबणीचे झाकण नाजूक. कारखानदार पुष्कळदा वीस-तीस वेळांच्या उघडझापेचीच हमी देतात. "आणि डेअरीत यंत्र साफ करायला दर महिन्याला वरची पाटी काढतात," भाचा म्हणाला. म्हणजे दोन-अडीच वर्षांत हमी संपली!

मग त्याने दुसरा कनेक्टर माझ्या तळहातावर ठेवला. "हा तरंगता. नखाने ढकलून बघा."

मी ढकलले. बाहेरची चौकट जागची हलली नाही. आतला भाग मात्र झोपाळ्यासारखा किंचित सरकला आणि परत आला. चारी बाजूंना अर्धा मिलिमीटर, बस्स.

"म्हणजे सैलच की रे हा!" मी म्हणालो.

"सैल नाही, मामा. पात्याची पात्यावरची पकड घट्टच असते. तो सरकतो, पण सोडत नाही. आणि शंभर वेळा काढघाल चालते."

मात्र यालाही पथ्ये आहेत. खांबांची उंची कनेक्टरच्या उंचीशी जुळली पाहिजे; खांब उंच झाले तर पाती पुरती बसत नाहीत. एका बाजूला सोन्याचा मुलामा असेल तर समोरही सोनेच हवे. आणि पाटीचा भार खांबांनीच वाहायचा; कनेक्टरने फक्त निरोप पोचवायचा. जोडीमागे शंभर रुपये जास्त पडतात म्हणून मालक कुरकुरत होते. त्यांना भाच्याने कळवले होते, "गेल्या वेळी वाचवलेले शंभर रुपये माझ्या वडिलांनी फेडले."

त्या रात्री मला लवकर झोप आली नाही. 'मोडेन, पण वाकणार नाही' हे वाक्य मी वर्गात किती वेळा छाती फुगवून सांगितले असेल! शत्रूपुढे ते शोभतेही. पण दोन पाट्या काही एकमेकींच्या शत्रू नसतात. त्या केसभर चुकीच्याच जन्माला येतात, आणि मधल्या दुव्याने तेवढी चूक पोटात घातली नाही तर कुठेतरी, न दिसणाऱ्या जागी, डाख तडकतो. ओसरीवर दाजी जागेच होते. बोळापलीकडच्या घरातला दिवा ते पाहत होते.

दिवाळीला मी पुन्हा गेलो. नवे यंत्र तयार होते. पाडव्याच्या सकाळी भाच्याने खोके उचलले आणि म्हणाला, "डेअरीत नेण्याआधी टेस्टरकाकांना दाखवून येतो. मामा, येता?"

मी चपला घातल्या. तोच आतून दाजी आले. डोक्यावर टोपी, अंगात नवा सदरा. कोणाकडेही न बघता त्यांनी खोक्याची एक बाजू धरली.

"जड असंल," ते पुटपुटले. "मीबी येतो."

खोके जड नव्हते. दोन किलोही भरले नसते. भाच्याने माझ्याकडे पाहिले आणि दुसरी बाजू मुकाट्याने हातात धरली.

बोळ ओलांडायला आम्हाला फार वेळ लागला नाही. टेस्टर दारातच रांगोळीपाशी उभा होता. दाजींनी तोंड उघडले, पण शब्द काही फुटेना. टेस्टरने क्षणभर वाट पाहिली आणि आत वळून हाक दिली,

"अगं, फराळाची ताटं वाढ. तीन नको, चार. ह्याला चिवडा जास्त घाल. लहानपणापास्नं हावरा हाय!"