रुसलेलं यंत्र

गेल्या दिवाळीच्या तोंडावर आमचा संगणक रुसला. लिहायला बसावं, कादंबरीतलं पात्र नुकतं बोलू लागावं, आणि पडदा एकदम काळा! पुन्हा सुरू करावा, तर वीस मिनिटांत पुन्हा अंधार. अशी माझी चौदा पानं गेली.

मी पडलो मास्तर. कुणी ऐकेना की शिक्षा, हा आमचा जुना खाक्या. एका दुपारीत मी सगळे उपाय केले. विंडोज नव्यानं घातलं, रॅमची पट्टी बदलली, विजेचा दाब कमीजास्त होतो म्हणून स्टॅबिलायझर आणला. आणि ‘तुझ्या खेळांनीच वाट लावली’ म्हणून मुलाला फैलावर घेतलं. संगणक बंद पडतच राहिला. मुलगा मात्र माझ्या खोलीत येईनासा झाला.

शेवटी माझा एक जुना विद्यार्थी दुरुस्तीला आला. शाळेत फळ्याशी उभा केला, की हा मुका होत असे. आता तोच मला विचारू लागला, “सर, किती वेळानं बंद पडतो? सकाळी की दुपारी?”

“दुपारी लवकर पडतो.”

“अन् तुम्ही सगळंच एकदम बदललं. दोष गेला असता, तरी कशानं गेला हे कसं समजलं असतं? एका वेळी एकच गोष्ट बदलावी, सर.”

त्यानं डबा उघडला. पंख्याखालच्या धातूच्या पात्यांत मऊ, करडी गादी बसली होती. १९४७ साली हार्वर्डच्या ‘मार्क-२’ गणकयंत्रात पतंग सापडला, तो तिथल्या मंडळींनी नोंदवहीत चिकटवून ठेवला. आमच्या यंत्रात सापडला कापूस! खामगाव हे कापसाचं गाव. १८७० साली इथं आगगाडी आली तीही कापसासाठी. आणि आमच्या घराला लागूनच जिनिंग. वर्षानुवर्षं उडालेले तंतू पंख्यानं ओढून घेतले होते. वाऱ्याची वाट बंद, आत नुसती धग.

“फार तापलं की जळू नये म्हणून ते आपणहून बंद होते, सर. ते त्याचं शहाणपण आहे,” पंखा बोटानं धरून कुंचल्यानं तंतू काढताना तो म्हणाला.

मला त्याचा फळ्याजवळचा चेहरा आठवला. मग माझ्या मुलाचा.

संध्याकाळी मुलाला हाक मारली. तो उंबऱ्यावरच थांबला. मी म्हणालो, “तुझे खेळ नव्हते रे कारण. चुकलं माझं.”

तो काही बोलला नाही. थोड्या वेळानं आकाशकंदिलाच्या कामट्या घेऊन आला आणि माझ्याच खोलीत बसला. संगणक चालूच होता.