शपथ, खर्रा आणि मामाची तीन बोटं

व्यसनी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर कोण येतं? ब्राउन शुगर ओढणारा, नाहीतर रस्त्यावर झिंगून पडलेला दारुडा! माझा मामा यातला कुठलाच नाही. तो बार्शीटाकळीत शेती करतो, सकाळी सहाला वावरात असतो. वर छातीठोकपणे सांगतो, 'मले काई व्यसन नाई बाप्पा, नुसता खर्रा खातो!'

विदर्भाबाहेरच्या मंडळींसाठी : खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला माल. गावातल्या कुठल्याही पानठेल्यावर मिळतो.

गेल्या वर्षी अकोल्याच्या डेंटिस्टनी मामाला तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितली. दोनच गेली. सुपारीमुळे गालांचा आतला भाग कडक होतो आणि तोंड उघडेनासं होतं. याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. आई फोनवर एवढंच म्हणाली, 'त्याले भाकर चावता येत नाई गं.'

मग काय, देवीपुढे शपथ! ती अकरा दिवस टिकली. नातेवाइकांनी लगेच निकाल दिला : 'त्याच्यात दमच नाई.' मामानंही तो मान्य केला आणि लपून खाऊ लागला.

मला मात्र हा निकाल पटेना. दिवसभर उन्हात राबणाऱ्या माणसात दम नाही? शोधत, वाचत गेले तेव्हा कळलं, की प्रश्न दमाचा नाहीच, मेंदूचा आहे.

खर्र्यातला चुना नुसता चवीला नसतो. त्यामुळे तंबाखूतलं निकोटिन गालातून भराभर रक्तात उतरतं. मेंदूत पोचलं की डोपामिन सुटतं, बरं वाटतं. रोजच्या माऱ्यानं मेंदू स्वतःला त्याप्रमाणे बदलून घेतो. मग खर्रा नसला की चिडचिड, बेचैनी, झोपेचं खोबरं. हा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जास्त असतो आणि काही आठवड्यांत ओसरतो.

पण खरी गोची पुढेच आहे. 1990च्या दशकात वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर प्रयोग केले. त्यात दिसलं, की माकड एकदा शिकलं की डोपामिनच्या पेशी रस मिळाल्यावर नाही, तर रस येणार याची खूण दिसताच पेटतात. मामाची खूण म्हणजे पानठेला आणि तिथले दोस्त. आणि तुमची? चार वाजताचा चहा, ऑफिसखालची टपरी, 'चल ना, एक सुट्टा' म्हणणारा कलीग! शरीरातलं निकोटिन केव्हाच निघून जातं, खुणा मात्र राहतात. म्हणून शपथ अकराव्या दिवशीही मोडते.

ही समज महाराष्ट्राला नवी नाही. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केलं, तेव्हा शहरात ब्राउन शुगरचा सुळसुळाट होता. तिथे व्यसनाकडे आजार म्हणून पाहिलं गेलं, आणि त्यातून बाहेर पडलेली माणसंच पुढे दुसऱ्यांना हात देऊ लागली. डायबेटिसवाल्याची शुगर वाढली तर आपण औषध बदलतो, त्याचं चारित्र्य काढत नाही. मग इथेच का काढतो?

खर्र्यालाही औषध आहे. निकोटिनचा पॅच किंवा च्युइंगगम मेंदूला थोडं थोडं निकोटिन देऊन तलफ सुसह्य करतो. जागतिक आरोग्य संघटनेनं 2009 मध्येच हे उपचार अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. जोडीला समुपदेशन असेल तर यशाची शक्यता आणखी वाढते. मामाचं तोंड नीट उघडत नाही, त्यामुळे डॉक्टरांनी गमऐवजी पॅच दिला. सोबत एक होमवर्क : पानठेल्याचा रस्ता बदलायचा.

त्यानंतर तो दोनदा घसरला. पण आता मामी 'काहून खाल्ला?' असं विचारत नाही, 'कुठं खाल्ला?' असं विचारते. पहिल्या प्रश्नाला मामा मान खाली घालायचा. दुसऱ्याला उत्तर देतो : एकदा लग्नात, एकदा मोंढ्यावर. मग पुढच्या वेळी तिथे काय करायचं, ते दोघं मिळून ठरवतात. तिसरं बोट अजून जात नाही, आणि कदाचित जाणारही नाही. पण लपून खाणं बंद झालंय.

तुमच्या घरात, शेजारच्या क्युबिकलमध्ये असा कुणी असेल, तर शपथ घालू नका. 1800-11-2356 हा तंबाखू सोडण्यासाठीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर द्या. फोन फुकट आहे. आणि तो घसरलाच, तर मामीचा प्रश्न विचारा.